वेढ्यातले खरेदीखत

इसवी सनापूर्वी ५८७ च्या सुमाराला बाबेलच्या फौजेने यरुशलेमला वेढा घातला होता. शहरातली भाकर संपत आली होती. यिर्मया संदेष्टा राजवाड्यातल्या पहाऱ्याच्या चौकात कैदेत होता, कारण शहर पडणार हे तो उघडपणे बोलत होता आणि राजाला ते खपत नव्हते. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनमेल भेटायला आला आणि अनाथोथ गावचे आपले शेत विकत घे म्हणून गळ घालू लागला. नात्याने पहिला हक्क यिर्मयाचाच होता. पण अनाथोथच्या आसपास शत्रूचा तळ. ते शेत एखाद्या व्यवहारी माणसाने फुकटातही घेतले नसते. यिर्मयाने १७ शेकेल चांदी तोलून दिली, साक्षीदार बसवले, दस्ताच्या दोन प्रती केल्या, एक मोहरबंद आणि एक उघडी. दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवायला त्याने आपल्या लेखनिकाला, बारूखला सांगितले. कागद पुष्कळ वर्षे टिकायला हवे होते.

हे सगळे उरकल्यावर त्याने प्रार्थना केली. त्या प्रार्थनेचा शेवट मोठा प्रामाणिक आहे: शहर तर हातचे चालले, आणि देवा, तू मला जमीन घ्यायला सांगतोस? व्यवहार आधी झाला, शंका नंतर आली.

संकटात ख्रिस्ती श्रद्धेतून आशा कशी मिळवायची असे कुणी विचारले, की मी यिर्मयाचा हा ३२ वा अध्याय वाचायला सांगते. त्यात उमेद वाटणे वगैरे काही नाही. यिर्मयाला उमेद वाटत होती की नाही हे आपल्याला कळतही नाही. परिस्थिती किती वाईट आहे हे त्याला शहरातल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होते, आणि तरी वेढा चालू असतानाच त्याने एक छोटे, तारखेनिशी, साक्षीदारांसमोर काम केले. ख्रिस्ती आशा बहुतेक वेळा अशीच दिसते. आजारपण, कर्ज, घरातला मृत्यू, मोडलेला संसार, मुलांची काळजी यांपैकी कशाच्या तरी वेढ्यात असलेल्या वाचकासाठी पुढचे लिहिते आहे. मन प्रसन्न करून देण्याचे आश्वासन यात नाही. उद्या सकाळी काय करता येईल, एवढेच आहे.

पण त्याआधी यिर्मयाच्याच पुस्तकातला दुसरा एक माणूस. त्याचे नाव हनन्या. शेताच्या खरेदीच्या काही वर्षे आधी, पहिली पाडाव झालेली मंडळी बाबेलला नेली गेली होती तेव्हा, हा संदेष्टा मंदिरात सर्वांदेखत म्हणाला की दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना हेच ऐकायचे होते. यिर्मयाने बाबेलला पत्र पाठवले ते नेमके उलटे: घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, ज्या शहरात नेले आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण मामला ७० वर्षांचा आहे. आपल्या अनेक मंडळ्यांत ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षाचे वचन उचलायची पद्धत आहे. त्यात यिर्मया २९:११ हाती आले की माणूस खूश होतो, कॅलेंडरावर, मोबाइलच्या पडद्यावर तेच येते. त्याच्या अगदी आधीच्या ओवीत ७० वर्षांचा आकडा आहे, तो मात्र कुणी छापत नाही. वचन खोटे नाही. पण ते दोन वर्षांत घरी परतणाऱ्यांना दिलेले नव्हते. परक्या गावात म्हातारे होणार होते त्यांना दिलेले होते. तुमचे संकट लवकर टळेल असे छातीठोक सांगणारा माणूस भेटला, तर तो हनन्या आहे की यिर्मया, हे आधी पाहा.

आधी गाऱ्हाणे

विश्वासी माणसाने कुरकुर करू नये, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. ती बायबलमधून आलेली नाही. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांतली एक-तृतीयांशाहून अधिक गाऱ्हाण्याची आहेत. तेराव्या स्तोत्राच्या सुरुवातीलाच स्तोत्रकर्ता देवाला चार वेळा विचारतो की हे कुठवर चालणार. बाविसाव्याची सुरुवात देवाने टाकून दिल्याच्या आक्रोशाने होते आणि येशूने वधस्तंभावर तोच आक्रोश केला. ४२ व्या स्तोत्रात माणूस स्वतःच्याच जिवाशी बोलतो, त्याला विचारतो, समजावतो, पुन्हा खचतो. आणि ८८ वे तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळोखच आहे. बाकीच्या विलापस्तोत्रांत शेवटी कुठेतरी भरवसा डोकावतो, इथे तोही नाही. तरी ते पवित्र शास्त्रात राहिले, गाळले गेले नाही, याचा अर्थ तुमच्या सगळ्यात वाईट दिवसालाही प्रार्थनेत जागा आहे.

करायचे असे. या चारांतले एक स्तोत्र निवडा आणि मोठ्याने वाचा. मनात वाचू नका. घरात कुणी असेल तर गच्चीवर जा, गाडीत बसून वाचा. जी ओळ तुमचीच वाटेल तिच्याखाली पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. दुसऱ्या दिवशी तेच स्तोत्र पुन्हा. शेवटच्या आशेच्या ओळींकडे पळू नका. आज तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन ओव्यांपर्यंतच पोचता आले, तर तिथेच थांबा. आठवडा-दोन आठवडे असे केल्यावर वहीत स्वतःचे गाऱ्हाणे लिहा. विलापस्तोत्रांची एक ढोबळ घडण असते: देवाला हाक, काय झाले ते सांगणे, काय हवे ते मागणे, आणि जमल्यास भरवसा. तुमच्या गाऱ्हाण्यात शेवटचा भाग कोरा राहिला तर राहू दे. पण तिसरा भाग गाळू नका. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असे पहिल्याच वाक्यात म्हणून टाकणारी माणसे बरेचदा काही मागायलाच घाबरलेली असतात. गेथशेमानेच्या बागेत येशूनेही आधी प्याला टळावा असे मागितले, मग पित्याची इच्छा म्हटली.

जुन्या भाषांतराची भाषा जड जात असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ घ्या. साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेले हे काम आजच्या मराठीत आहे आणि संदर्भ समजावून सांगते. ‘विलापगीते’ हे छोटे पुस्तकही त्यात शोधा. पाचच अध्याय, यरुशलेम पडल्यानंतरचे. त्यातला सगळ्यांना ठाऊक असलेला आशेचा उतारा तिसऱ्या अध्यायात, पुस्तकाच्या ऐन मध्यावर आहे, शेवटी नाही. त्यानंतर दोन अध्याय पुन्हा रडण्याचे आहेत आणि शेवट तर प्रश्नासारखाच. दुःखातून बाहेर पडलेल्यांनी स्वतःकडे पाहावे, बहुतेकांचा अनुभव असाच असतो. एक दिवस बरे वाटते, मग पुन्हा घसरण. घसरण झाली म्हणजे आधीचा बरा दिवस खोटा होता असे नव्हे.

प्रार्थना होत नाही तेव्हा

‘प्रार्थनेला बसते, पण शब्दच येत नाहीत.’ दवाखान्यात आप्तांच्या उशाशी बसलेल्या बायकांकडून हे वाक्य मी सर्वांत जास्त ऐकले आहे. त्यांना वाटते विश्वास संपला. मदर तेरेसांची पत्रे २००७ साली पुस्तकरूपाने आली तेव्हा जगाला कळले, की कोलकात्यात काम सुरू केल्यापासून १९९७ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे जवळपास पन्नास वर्षे, बहुतांश काळ त्यांना प्रार्थनेत कोरडेपणा आणि काळोखच जाणवत राहिला. तरी त्या रोज पहाटे चॅपेलमध्ये गेल्या आणि नंतर रस्त्यावर. जाणवणे आणि विश्वास ठेवणे या दोन गोष्टींची गल्लत किती सहज होते, हे त्यावरून लक्षात येते.

शब्द नसतील तेव्हा उसने घ्या. प्रभूची प्रार्थना हळूहळू म्हणा, एकेका वाक्यानंतर श्वास घेऊन. कॅथलिक असाल तर रोझरीचे पाच दहक पूर्ण झालेच पाहिजेत असा हट्ट नको, एक दहक पुरे. ‘उपासना संगीत’ मधले लहानपणापासून पाठ असलेले एखादे गीत गुणगुणा, रेव्हरंड टिळकांच्या भजनांपैकी असेल तर उत्तमच. पाठ असलेल्या गोष्टींची संकटात खरी किंमत कळते, तेव्हा डोके नवीन काही तयार करू शकत नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की कसे मागावे हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्माच शब्दांवाचून कण्हत आपल्यासाठी विनंती करतो. याचा साधा अर्थ मी असा घेते, की नुसते उसासे टाकत दहा मिनिटे बसणे हीसुद्धा प्रार्थनाच. वेळ मात्र ठरलेली ठेवा. सकाळचा चहा होण्याआधी, किंवा रात्री दिवे मालवताना. मूड आला तर करीन, असे ठरवलेत तर तो येणार नाही.

आणि दुसऱ्यांना प्रार्थना करू द्या. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूमच्या घराचे छप्पर उसकटून चौघेजण आपल्या पक्षाघाती मित्राला खाली सोडतात. येशूने पाहिला तो त्यांचा विश्वास, असे तिथे लिहिले आहे. बाजेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल एक शब्द नाही. तेव्हा तुमचे चार जण कोण, ते आज ठरवा. नावे लिहा. त्यांना फोन करून स्पष्ट सांगा की मला सध्या प्रार्थना जमत नाही, तुम्ही करा, आणि काय मागायचे तेही सांगा: अमुक तारखेला बायोप्सीचा रिपोर्ट आहे, तमुक तारखेला कोर्टात तारीख आहे. व्हॉट्सॲपच्या दोनशे जणांच्या गटावर टाकलेली विनंती आणि नावानिशी चौघांना केलेली विनंती यांत फार फरक आहे. दोनशेंकडून हात जोडलेली दोनशे चित्रे येतात. चौघांपैकी एक जण रिपोर्टच्या दिवशी लॅबच्या दारात उभा असतो.

आणखी एक नियम, इग्नेशियस लोयोलाचा. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून हा सैनिक अंथरुणाला खिळला आणि तिथेच आपल्या मनातल्या चढ-उतारांची तो बारकाईने नोंद ठेवू लागला. पुढे त्याने येशूसंघ काढला आणि साधनेची एक पुस्तिका लिहिली. तिच्यातला एक नियम असा, की मन उजाड झालेले असताना आधी विचारपूर्वक घेतलेला निर्णय बदलू नये. मला हा नियम व्यवहाराच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी वाटतो. नोकरीचा राजीनामा, घर विकणे, घटस्फोटाचा अर्ज, मंडळी सोडणे, मोठा नवस बोलणे: ऐन काळोखात यांपैकी काहीच करू नका. तीन महिन्यांनी करा, तेव्हाही योग्य वाटले तर. मारहाणीतून बाहेर पडणे, जिवाला धोका असेल तिथून निघणे याला हा नियम लागू नाही. तिथे आजच निघा.

शरीराचे काय?

एलियाची गोष्ट राजे पहिल्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आहे. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवल्यावर लगेच त्याच्या जिवावर उठलेल्या राणीमुळे तो वाळवंटात पळाला, एका झुडपाखाली पडला आणि देवाकडे मरण मागू लागला. देवाने त्याला प्रवचन दिले नाही, विश्वास कमी पडला असेही म्हटले नाही. देवदूत आला, त्याने निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे पुढे ठेवले. एलिया जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूताने पुन्हा उठवून जेवू घातले. देवाचे बोलणे पुढे, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. त्यात आणखी एक गोष्ट त्याला कळली. मी एकटाच उरलो असे त्याला वाटत होते, पण देशात त्याच्यासारखे ७,००० जण होते.

तेव्हा झोप, जेवण, चालणे या गोष्टी श्रद्धेपेक्षा खालच्या पायरीवरच्या समजू नका. रात्र-रात्र उपवास-प्रार्थना करणाऱ्या पण तीन आठवडे नीट न झोपलेल्या माणसाला पाळकांनी आधी झोपायला पाठवावे. उपवास हा ख्रिस्ती परंपरेत मोठा आहे, पण मधुमेह असलेल्याने, गरोदर बाईने, औषधे चालू असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो करू नये. झोप उडाली, भूक गेली, काही केल्या मन लागत नाही, हे दोन आठवडे टिकले तर डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटू लागला असेल तर दोन आठवडे थांबूही नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते, रात्री-अपरात्रीही, मराठीतही.

डॉक्टरकडे जाणे म्हणजे देवावर भरवसा नसणे, ही कल्पना आपल्याच इतिहासाला धरून नाही. विल्यम वॉनलेस हे मिशनरी डॉक्टर. त्यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभा केला आणि आजही तिथल्या मोठ्या इस्पितळाला त्यांचे नाव आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्याच्या पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायचा सल्ला आहे, आणि दुसऱ्या पत्रात त्रफिमाला आजारी अवस्थेत मिलेताला ठेवून आल्याचा उल्लेख आहे. ज्या पौलाच्या हातून आजारी बरे झाल्याचे प्रेषितांची कृत्ये सांगते, त्याच्याच नावे असलेल्या पत्रांत एक सहकारी आजारीच राहिला. त्याचा विश्वास कमी होता असे कुठे म्हटलेले नाही. पौलाने स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवले आणि तो निघाला नाही.

आत्महत्येने कुणी गेले असेल अशा घरांसाठी एक गोष्ट इथेच सांगते, कारण पाहुणे या घरांना फार छळतात. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या कॅटेकिझममध्ये स्पष्ट लिहिले आहे, की गंभीर मानसिक आजार, तीव्र वेदना किंवा भीती यांमुळे अशा व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते, तिच्या तारणाबद्दल आशा सोडू नये आणि चर्च तिच्यासाठी प्रार्थना करते. कुणी नरकाची भाषा करू लागले तर त्यांना हे सांगा. सांगूनही थांबले नाहीत तर दार दाखवा.

चमत्कार विकणारे

बांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळे, घरे विकायला असतात. गुडघा दुखत असलेला माणूस मेणाचा पाय वाहतो. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला सर्व धर्मांची माणसे रांग लावतात. मला यात काही वावगे वाटत नाही. तोंडाने सांगता येत नाही ते माणूस मेणाने सांगतो, आणि तिथे त्याच्याकडे कुणी हजार रुपयांची पावती फाडत नाही.

धोका दुसरीकडे आहे. आधी दान द्या, मग दहापट परत मिळेल असे कुणी सांगितले, तर निघा. औषधे बंद करा म्हटले, तर निघा आणि घरी येऊन औषध घ्या. बरे न झाल्याबद्दल तुम्हालाच दोष दिला, तर निघा. भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, मग करणारा कुठल्याही धर्माचे नाव घेवो. संकटातला माणूस गिऱ्हाईक म्हणून फार सोपा असतो, हे ज्यांना कळते त्यांत सगळेच चांगले नसतात.

कर्जाच्या संकटात तर हे दुप्पट खरे. देणेकऱ्यांची यादी, रकमा, व्याजाचे दर एका कागदावर लिहून मंडळीतल्या एखाद्या हिशेबी माणसासमोर ठेवणे ही अत्यंत आध्यात्मिक गोष्ट आहे असे माझे मत आहे, कारण ती लाज मोडते. वसईत १९१८ साली मोन्सेनियर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने बॅसिन कॅथलिक सहकारी बँक उभी राहिली. प्रवचन देणाऱ्या माणसाने पासबुकाचाही विचार केला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. अनेक पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची शाखा असते. तिचे सदस्य गाजावाजा न करता घरी येऊन रेशन, फी, औषधे यांची सोय बघतात. त्यांच्याकडे जायला लाजू नका. ते त्यासाठीच आहेत.

रमाबाईंची गोष्ट

आशेबद्दल बोलायचा अधिकार कुणाला, असा प्रश्न पडला तर मी पंडिता रमाबाईंचे नाव घेईन. १८५८ चा जन्म. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण उपासमारीने गेली. भावाबरोबर त्या देशभर पायी फिरल्या, तो १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी लग्न झाले, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. कडेवर मनोरमा ही लहान मुलगी. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून महाराष्ट्रात आणि चर्चमध्येही त्यांना जे ऐकावे लागले तो वेगळा विषय आहे.

१८९६ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिथे गेल्या आणि अनाथ मुली, विधवा यांना केडगावला घेऊन आल्या. भुकेने माणूस कसा दिसतो हे त्यांना पुस्तकातून कळले नव्हते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये या मुली शेती, विणकाम, स्वयंपाक शिकल्या. छापखान्यात खिळे जुळवायलाही शिकल्या. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर करत होत्या, खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाही गेली. जिच्याकडे मिशन सोपवायचे ठरले होते तीच. रमाबाईंनी भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. पूर्ण बायबल त्यांच्या मागे, १९२४ मध्ये बाहेर आले.

मुलगी गेल्यावर त्या नऊ महिन्यांत त्यांच्या मनात काय चालले असेल, त्याबद्दल कल्पनेने लिहायचा मोह मी टाळते. एवढे दिसते की रोजचे काम समोर होते आणि ते त्यांनी सोडले नाही. तुमच्याकडे बायबलचे भाषांतर नसेल. पण शेजारच्या पोराची शिकवणी, मंडळीच्या दफनभूमीची साफसफाई, रविवारशाळेचा वर्ग, कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या आजींची औषधे आणणे यांतले काहीतरी असेल. आठवड्यातून एकदाच, एक तास, दुसऱ्याचे काम. आपले संकट विसरायला नव्हे, ते विसरले जात नाहीच. आपल्या हातून अजून कुणाचे तरी काही होते, हे कळायला. आणि ज्यांना हे सगळे फार गंभीर वाटते, त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा उघडावीत. नवऱ्याच्या धर्मांतराने मोडलेला आणि पुन्हा जुळलेला संसार, प्लेग, मृत्यू, दारिद्र्य, आणि तरी पानोपानी हसू. दुःखात हसलो म्हणून अपराधी वाटणाऱ्यांना त्याहून चांगली सोबत मराठीत मला माहीत नाही.

दुसऱ्याच्या घरी जाताना

ईयोबाचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, त्याचे हाल ऐकून आले आणि सात दिवस-सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले. कुणी एक शब्द बोलले नाही. ते तसेच परत गेले असते तर आजवर त्यांचे कौतुक झाले असते. आठव्या दिवसापासून त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केली आणि पुढचे कितीतरी अध्याय त्या वादात गेले. शेवटी देव त्यांच्यावर रागावतो आणि म्हणतो की माझ्याबद्दल नीट बोलला तो ईयोब. ज्याने पुस्तकभर तक्रार केली, तो.

तेव्हा ‘देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात’, ‘यातही काहीतरी चांगले असेल’, ‘तुमच्याच्याने सोसवते म्हणून तुम्हालाच दिले’ ही वाक्ये घरी ठेवून जा. कुणाच्या पापाने हे झाले, असा विचारही नको. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न केला आणि येशूने तो फेटाळला. ‘विश्वासी माणसाने रडू नये’ असे तर कुणाही विधवेला सांगू नका. लाजराच्या कबरेजवळ येशू रडला, आणि थोड्याच वेळात आपण काय करणार हे त्याला ठाऊक असूनही रडला. मार्था आणि मरीया दोघींनी त्याला उशीर केल्याबद्दल तोंडावर सुनावले, तेही त्याने ऐकून घेतले. थेस्सलनीकाकरांना पौल शोक करू नका म्हणत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, एवढेच म्हणतो.

ही आशा शेवटी कशाची, हेही स्पष्ट असावे. ती केवळ आत्मा सुखात असल्याची नाही. पुनरुत्थानाची आहे, देहासकट. आणि पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हातांवर, कुशीत जखमा होत्या. थोमाला त्याने त्या दाखवल्या. म्हणून सगळे पूर्वीसारखे होईल असे कुणाला सांगायची गरज नाही. पूर्वीसारखे होत नाही, आणि ख्रिस्ती श्रद्धेने तसे वचनही दिलेले नाही.

बोलण्याऐवजी करण्यासारखे पुष्कळ असते. मृत्यूचा दाखला, बँकेतले खाते, पेन्शनचा अर्ज, विम्याचे कागद यांत ज्याला गती आहे त्याने ते काम अंगावर घ्यावे. इस्पितळात एक रात्र थांबावे, म्हणजे घरचे झोपतील. ‘काही लागले तर सांगा’ म्हणू नका, कुणी सांगत नाही. ‘गुरुवारी संध्याकाळचा डबा मी आणते’ म्हणा. लोक पहिल्या आठवड्यात गर्दी करतात आणि मग सगळ्यांचे आपापले सुरू होते. म्हणून आत्ताच कॅलेंडरात काही तारखा लिहून ठेवा: चाळिसावा दिवस, गेलेल्या माणसाचा वाढदिवस, २ नोव्हेंबरचा मृतांचा स्मरणदिन, पहिला नाताळ, पहिला वर्षदिन. त्या दिवशी फोन करा आणि गेलेल्याचे नाव घेऊन बोला. नाव घेतले तर त्यांना वाईट वाटेल अशी भीती वाटते खरी, पण नाव कुणीच घेत नाही याचेच बहुतेकांना वाईट वाटत असते. नाताळच्या दिवशी जेवायला बोलवा. येणार नाही म्हणाले तर आग्रह करू नका, डबा पाठवा.